घाम कोणाचा, निष्कर्ष कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी बसलेली आहे. संसाराच्या अनेक बाबतींत ती शहाणपणाची आहे. आरोग्याच्या बाबतीत मात्र ती घातक ठरू शकते. कारण ज्या मनाचे करावयाचे, त्या मनापर्यंत जाहिरात आधीच पोचलेली असते. दररोज दहा हजार पावले चाला, भात सोडा, तूप खा, तूप टाळा, अमुक चूर्ण घ्या, तमुक आसन करा, असे उपदेश दिवसभर कानांवर आदळत असतात. प्रत्येक उपदेशकाच्या पाठीशी कोणते तरी ‘संशोधन’ उभे असते. ते कोणी केले, कोणावर केले आणि कोणी तपासले, हे सांगण्याची तसदी मात्र क्वचितच कोणी घेतो.

श्रीमंत माणूस चुकीचा सल्ला पाळून पाहतो, फसतो आणि दुसऱ्या सल्लागाराकडे जातो. श्रमजीवी माणसाला ही चैन परवडत नाही. त्याने पोटाला चिमटा घेऊन विकत घेतलेले टॉनिक निरुपयोगी निघाले, तर त्याची भरपाई कोठूनही होत नाही. म्हणून कोणती आरोग्यविषयक माहिती विश्वासार्ह मानावी, हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही. तो सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे आणि कार्यकर्त्याने तो समजून घेतला पाहिजे.

या प्रश्नाला सामान्यतः मिळणारे उत्तर असे, की सांगणारा माणूस मोठा असला म्हणजे माहिती खरी. हे उत्तर चुकीचे आहे. माहितीची विश्वासार्हता सांगणाऱ्याच्या पदवीत नसते, वेषात नसते आणि लोकप्रियतेतही नसते. ती माहिती ज्या वाटेने आली त्या वाटेत असते. ही वाट कशी असते, हे व्यायामाविषयीच्या ज्ञानाच्याच एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहणे बरे.

दुमजली बसचा जिना

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात इंग्लंडमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या वाढत चालली होती. कारण कोणालाच नीट उमगत नव्हते. हा शोध ज्यांनी हाती घेतला त्यांत जेरी मॉरिस हे प्रमुख होते. १९१० साली लिव्हरपूल येथे जन्मलेले आणि ग्लासगोच्या गरीब स्थलांतरित वस्तीत वाढलेले हे डॉक्टर युद्धकाळात लष्कराच्या वैद्यकीय दलातून भारतात व ब्रह्मदेशात राहून आले होते. १९४८ साली, म्हणजे ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली त्याच वर्षी, सरकारी वैद्यकीय संशोधन मंडळाने सामाजिक वैद्यकाचा एक विभाग स्थापन केला आणि मॉरिस त्याचे प्रमुख झाले. पैसा सार्वजनिक होता, आणि कोणतीही वस्तू विकावयाची नव्हती.

व्यायामाची महती सिद्ध करावी, असा संकल्प सोडून हे संशोधन सुरू झाले नव्हते. कोणत्या व्यवसायातील माणसांना हा विकार अधिक होतो, एवढाच प्रश्न होता. लंडनच्या सार्वजनिक वाहतूकसेवेत कामगारांच्या आजारपणाच्या व रजेच्या नोंदी व्यवस्थित ठेवलेल्या होत्या. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या सुमारे ३१,००० पुरुष कामगारांच्या १९४९ व १९५० या वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि त्यांतून एक विलक्षण फरक पुढे आला. बसच्या ड्रायव्हरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण वर्षाला दर हजारी २.७ होते, तर कंडक्टरांमध्ये १.९. शिवाय कंडक्टरांना हा विकार उशिरा होई आणि झालाच तर तो तितका उग्र नसे.

एकच शहर, एकच बस, तोच धूर, त्याच पाळ्या, जवळपास तोच सामाजिक थर. मग फरक कशाचा? मुंबईकराला दुमजली बस समजावून सांगावी लागत नाही. बेस्टची दुमजली बस १९३७ पासून मुंबईच्या रस्त्यांवर धावू लागली. लंडनच्या दुमजली बसमधला ड्रायव्हर पाळीचा जवळजवळ सारा वेळ बसून असे. कंडक्टर मात्र तिकिटे फाडीत दिवसाकाठी सुमारे सहाशे पायऱ्या चढत-उतरत असे. हा जिनाच त्याचे रक्षण करीत असावा काय? टपालखात्यातही तोच पडताळा घेण्यात आला. पायी व सायकलीवरून टपाल वाटणाऱ्या पोस्टमनांमध्ये विकाराचे प्रमाण कमी आढळले. बसून काम करणारे कारकून व टेलिफोन चालविणारे यांच्यात ते अधिक आढळले. नोव्हेंबर १९५३ मध्ये हे सारे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

स्वतःच्याच निष्कर्षावर संशय

एखाद्या जाहिरातदाराच्या हाती हा निष्कर्ष लागता, तर त्याने दुसऱ्याच दिवशी जिना विकावयास काढला असता. संशोधकांनी उलटा मार्ग धरला. ते स्वतःच्या निष्कर्षातील छिद्रे शोधू लागले. ड्रायव्हर आणि कंडक्टर यांच्यात जिन्याखेरीज दुसरा काही फरक असेल काय? ड्रायव्हरला रहदारीचा मानसिक ताण असतो, तो कारणीभूत असेल काय? की मुळातच निराळ्या शरीरयष्टीची माणसे ड्रायव्हर होत असतील?

या शंकेचे उत्तर शोधण्याची त्यांची युक्ती मोठी मासलेवाईक होती. बस कामगारांना गणवेश मिळत, आणि त्या गणवेशांची मापे नोंदलेली असत. संशोधकांनी विजारींच्या कमरेची मापे तपासली. तरुण वयातसुद्धा ड्रायव्हरांची कंबर कंडक्टरांपेक्षा रुंद होती! याचा अर्थ स्पष्ट होता. फरकाचा काही भाग तरी माणसे नोकरीत येतानाच बरोबर घेऊन येत असण्याचा संभव होता. सारे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. हा निष्कर्ष त्यांच्या स्वतःच्या सिद्धान्ताला अडचणीचा होता. तरीही १९५६ साली त्यांनी तो त्याच ‘लॅन्सेट’मधून प्रसिद्ध केला. हा प्रामाणिकपणा कोणा एका व्यक्तीचा गुण म्हणून सोडून देऊ नये. विज्ञानाच्या व्यवहारात ती शिस्त मानली जाते. स्वतःचे म्हणणे पाडण्याचा सर्वांत कसोशीचा प्रयत्न ज्याने स्वतः केला, त्याच्या म्हणण्याला वजन येते.

पुढे प्रश्नाची मांडणीच बदलण्यात आली. सर्वांचे काम बसूनच करावयाचे, अशा सुमारे सतरा हजार सरकारी अधिकाऱ्यांना सोमवारी सकाळी आधीच्या शुक्रवारी व शनिवारी फावल्या वेळात काय केले ते लिहून देण्यास सांगितले गेले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, दम लागेल असा व्यायाम करणाऱ्यांचा हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे एक-तृतीयांश आढळला. अटलांटिकच्या पलीकडे राल्फ पॅफेनबार्गर यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. १९५१ साली कामगारांच्या संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आरोग्यतपासणीच्या नोंदी हा त्या अभ्यासाचा पाया होता. जड कष्टाचे काम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू कमी, असे तेथेही दिसून आले.

अशा रीतीने एका शहरातल्या नोंदीला दुसऱ्या व्यवसायाने, दुसऱ्या देशाने आणि दुसऱ्या संशोधकांनी दुजोरा दिला, तेव्हा कोठे ‘हालचाल हृदयाला हितकारक आहे’ हे वाक्य निःशंकपणे उच्चारण्याजोगे झाले. आज ते घरोघरी ऐकू येते. त्याच्यामागे लंडनच्या कंडक्टरांचे आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या हमालांचे श्रम आहेत, याची आठवण मात्र कोणी ठेवीत नाही.

चिठ्ठीचा न्याय

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. माणसे आपापल्या नोकऱ्या व सवयी स्वतः निवडतात किंवा परिस्थिती त्यांच्यावर लादते. म्हणून अशा अभ्यासात तुलना कधीच पूर्णपणे समासमान होत नाही. जेथे शक्य असेल तेथे यावर एक उपाय असतो. कोणाला कोणता उपचार मिळावा हे चिठ्ठी टाकून ठरवावयाचे. निवड रोग्याची नाही, डॉक्टरचीही नाही; म्हणजे पक्षपाताला वावच उरत नाही. १९४८ साली प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधील क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा अशीच झाली होती. औषध दुर्मिळ होते, सर्वांना पुरण्याजोगे नव्हतेच. १०७ रोग्यांपैकी ५५ जणांना अंथरुणातील विश्रांतीबरोबर औषध मिळाले, ५२ जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले चार दगावले, दुसऱ्या गटातले चौदा. पुढे त्या औषधाला न जुमानणारे जंतू निर्माण होतात हेही त्याच अभ्यासातून कळले.

याच पद्धतीने भारतातील गरिबांचे केवढे कल्याण झाले, ते मद्रासच्या उदाहरणावरून दिसते. क्षयरोग म्हणजे सॅनेटोरियम, असे समीकरण त्या काळी रूढ होते. स्वच्छ हवा, सकस आहार, महिनोन्‌महिने अंथरुणात विश्रांती. या तीन गोष्टींवाचून क्षय बरा होत नाही, अशी डॉक्टरांचीही श्रद्धा होती. मिरजेच्या सॅनेटोरियमचे नाव त्यामुळेच महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक होते. परंतु ज्याच्या घरी सकाळची भाकर संध्याकाळी उरत नाही, त्याने सकस आहार आणि विश्रांती आणावी कोठून? देशातील क्षयरोगी लाखांनी मोजावेत आणि सॅनेटोरियममधील खाटा हजारांनी, अशी अवस्था होती.

१९५६ साली मद्रास येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश संशोधन मंडळ यांच्या सहकार्याने एक केंद्र उघडण्यात आले. गरीब वस्तीतील रोग्यांना चिठ्ठीने दोन गटांत वाटले गेले. एकाच प्रकारची औषधे एक वर्षभर, एका गटाला सॅनेटोरियममध्ये आणि दुसऱ्याला त्याच्या स्वतःच्या कोंदट खोलीत. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरच्या गटाला आहार निकृष्ट होता, विश्रांती कमी होती, गर्दी जास्त होती. तरीसुद्धा दोन्ही गटांतील रोगी जवळपास सारख्याच प्रमाणात बरे झाले. घरातील माणसांना संसर्गाचा धोकाही त्यामुळे वाढला नाही. औषध नियमित मिळणे हेच निर्णायक होते. विश्रांती आणि हवापाण्याचा जो सल्ला शास्त्र म्हणून दिला जात होता, तो गरिबाला आवाक्याबाहेरचा तर होताच. पण अनावश्यकही होता. एका नीट रचलेल्या अभ्यासाने लक्षावधी माणसांना घरच्या घरी उपचार मिळण्याची वाट खुली झाली. पद्धतीचा काटेकोरपणा हा विद्वानांचा खेळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी मद्रास ध्यानात ठेवावे.

समीक्षेच्या पायऱ्या

संशोधन झाले म्हणजे काम संपत नाही. त्याची समीक्षा व्हावी लागते. पहिली पायरी तज्ज्ञपरीक्षणाची. नियतकालिकाचा संपादक आलेला लेख त्या विषयातील दोन-तीन जाणकारांकडे पाठवितो. तुलना योग्य आहे काय, माणसे पुरेशी आहेत काय, आकड्यांतून निष्कर्ष निघतो की ओढून-ताणून काढला आहे, हे ते पाहतात. पण या पायरीची महती अवाजवी वाढवू नये. परीक्षकाला लेख दिसतो. बहुधा मूळ नोंदवह्या दिसत नाहीत. हिशेबातली चूक तो पकडू शकतो. हिशेबच खोटा लिहिला असेल तर त्याला ते कळेलच असे नाही.

दुसरी पायरी आधीच्या नोंदणीची. निवडणुकीनंतर जाहीरनामा लिहिण्याची मुभा मिळाली, तर प्रत्येक पक्ष वचनपूर्ती करून दाखवील! तद्वत, आकडे हाती आल्यावर प्रश्न ठरविण्याची मोकळीक असली, तर प्रत्येक औषध कशावर तरी गुणकारी ठरते. यासाठी चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिचा उद्देश जाहीर नोंदवावा असा दंडक आता आहे. भारतात अशी नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि औषधांच्या चाचण्यांसाठी जून २००९ पासून ती सक्तीची झाली. नकोसे निष्कर्ष गुपचूप पुरून टाकणे त्यामुळे काहीसे अवघड झाले आहे.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. एक अभ्यास म्हणजे एक साक्षीदार. एका साक्षीदारावर फाशी देऊ नये. एका प्रश्नावरील जगातले सारे अभ्यास, अनुकूल असोत वा प्रतिकूल, गोळा करावयाचे, कमकुवत बाजूला सारावयाचे आणि मग एकत्रित निष्कर्ष काढावयाचा, याला पद्धतशीर आढावा म्हणतात. या विचाराशी आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरचे नाव जोडले गेले आहे. स्पेनच्या यादवीत लोकशाहीच्या बाजूने वैद्यकीय पथकात गेलेला, युद्धकैद भोगलेला, वेल्सच्या कोळसा खाणकामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास करण्यात उमेदीची वर्षे घालविलेला हा माणूस. तरुणपणी एका सभेत त्याने फलक धरला होता, की जे उपचार खरोखर गुणकारी आहेत ते सारे मोफत मिळाले पाहिजेत. समाजवाद्यांना त्यातला ‘मोफत’ हा शब्द लगेच भावतो. कॉक्रनने उर्वरित आयुष्य ‘गुणकारी’ या शब्दासाठी वेचले. निरुपयोगी औषध फुकट वाटणे हा समाजवाद नव्हे. ती सार्वजनिक पैशाची उधळपट्टी होय.

आढावा न घेण्याची किंमत किती असते? अकाली प्रसूतीचा संभव असलेल्या मातेला एक स्वस्त औषध दिले, तर अर्भकाचे प्राण वाचण्याचा संभव वाढतो, असे दाखविणारी पहिली चाचणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. पुढे आणखीही चाचण्या झाल्या. परंतु त्या साऱ्यांचा पद्धतशीर आढावा १९८९ पर्यंत कोणी प्रसिद्ध केला नाही. मधल्या काळात अनेक डॉक्टरांना या औषधाचा प्रभाव उमगला नाही आणि वाचू शकली असती अशी किती तरी बाळे दगावली. कॉक्रनच्या मृत्यूनंतर १९९३ साली त्याच्या नावाने जी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली, तिच्या बोधचिन्हात या चाचण्यांच्या निष्कर्षांच्याच रेषा आहेत.

पैसा कोठून आला?

या साऱ्या पायऱ्यांना भगदाड पाडण्याची शक्ती पैशात आहे. १९६५ साली अमेरिकेतील साखर उद्योगाच्या संशोधन प्रतिष्ठानाने हार्वर्डच्या संशोधकांना साडेसहा हजार डॉलर देऊन आहार व हृदयविकार यांवरील आढावा लिहवून घेतला. १९६७ साली तो एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. साखरेवरील आक्षेप त्यात सौम्य केले होते आणि भर चरबीवर होता. पैशाचा उल्लेख नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी जुना पत्रव्यवहार धुंडाळून २०१६ साली हे उजेडात आणले.

दुसरे उदाहरण व्यायामाचेच आहे. लठ्ठपणाबद्दल खाण्यापिण्यापेक्षा व्यायामाच्या अभावाला अधिक जबाबदार धरणारे शास्त्रज्ञांचे एक मंडळ अमेरिकेत स्थापन झाले. त्याच्या उभारणीसाठी कोका-कोला कंपनीने पंधरा लाख डॉलर दिल्याचे ऑगस्ट २०१५ मध्ये वृत्तपत्राने उघड केले. वर्ष संपण्यापूर्वीच ते मंडळ गुंडाळले गेले आणि एका विद्यापीठाने दहा लाख डॉलर कंपनीला परत केले. या प्रकरणातला धडा बारकाईने घेतला पाहिजे. व्यायाम हितकारक आहे हे त्या मंडळाचे म्हणणे खोटे नव्हते. खोट होती ती न बोललेल्या भागात. मॉरिसने कामगारांच्या नोंदींतून वर्षानुवर्षे खपून जे सत्य मिळविले, तेच सत्य गोड पाण्याच्या बाटलीपुढे पडदा म्हणून धरले गेले. भांडवल नेहमी खोटेच बोलते असे नाही. अनेकदा ते सोयीचे तेवढेच खरे बोलते.

आणि दहा हजार पावले? तो आकडा कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियोच्या ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले आणि त्याला ‘दहा हजार पावले मोजणारे’ अशा अर्थाचे नाव दिले. आकडा दुकानातून निघाला आणि शास्त्र म्हणून जगभर फिरला. २०१९ साली अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात असे दिसले, की दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्येही अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते आणि सुमारे साडेसात हजारांनंतर अधिक लाभ दिसेनासा झाला. म्हणजे चालणे चांगले हे खरे. आकडा मात्र व्यापाऱ्याचा.

गैरसोयीचे सत्य

आतापर्यंतची उदाहरणे समाजवादी श्रोत्याला सुखावणारी आहेत. खरी कसोटी पुढेच आहे. साखरेच्या प्रकरणावरच २०१८ साली दोन इतिहासकारांनी आक्षेप घेतला. उद्योगाकडून पैसा घेणे हा त्या काळचा सर्रास प्रघात होता आणि चरबीविषयीच्या मताला स्वतंत्र आधारही होता. म्हणून त्याला सरळसरळ कारस्थान म्हणणे अतिशयोक्तीचे आहे, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप केवळ नावडता म्हणून दडपणे, हे साखर उद्योगाने केले त्याहून निराळे ठरणार नाही.

याहून जवळचा प्रश्न श्रमिकांच्या घामाचा आहे. २०१८ साली सतरा अभ्यासांचा आणि एक लाख नव्वद हजारांहून अधिक लोकांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नोकरीत जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता. फावल्या वेळातला व्यायाम तारतो आणि पोटासाठी केलेली मेहनत मारते, असे हे चित्र. कामगार संघटनेच्या पत्रकात हे वाक्य किती शोभून दिसेल! पण २०२१ साली नॉर्वेतील एका मोठ्या अभ्यासाने उलट सांगितले. शिक्षण, उत्पन्न, धूम्रपान यांचा हिशेब नीट केला, तर अंगमेहनतीची कामे करणारे पुरुष कमी जगतात असे आढळत नाही. गोदी कामगारांचा जुना अनुभवही याच बाजूचा.

अशा वेळी कार्यकर्त्याने कोणता निष्कर्ष उचलावा? सोयीचा उचलावा, हे उत्तर नव्हे. वाद चालू आहे, असे स्वच्छपणे सांगावे. मात्र त्यामुळे कामगारांच्या मागण्या लुळ्या पडत नाहीत. आठ तासांचा दिवस, ओझ्याची मर्यादा, पिण्याचे पाणी, दुपारची सावली आणि साप्ताहिक सुट्टी या मागण्या हृदयविकाराच्या आकडेवारीवर उभ्या नाहीत. त्या माणसाच्या प्रतिष्ठेवर उभ्या आहेत. न्याय्य मागणीला डळमळीत आकड्याची कुबडी दिली, की आकडा कोसळताना मागणीलाही खाली ओढतो.

आकड्याचा अर्थ लावतानाही हेच पथ्य पाळावे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगढ येथील चौदा हजारांहून अधिक लोकांना प्रश्न विचारले गेले. निम्म्याहून अधिक लोकांची हालचाल अपुरी आढळली, आणि विरंगुळा म्हणून व्यायाम वा खेळ करणारे शेकडा दहासुद्धा नव्हते. हा आकडा वाचून ‘लोक आळशी झाले’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. आकडा तसे म्हणत नाही. वस्तीत मैदान आहे काय, दोन पाळ्या आणि लोकलचा प्रवास यांतून वेळ उरतो काय, घरकाम उरकून बाहेर पडलेल्या बाईला रस्त्यावर निर्धास्त चालता येते काय, हे प्रश्न आकड्याच्या पलीकडचे आहेत आणि ते विचारणे हे राजकारणाचे काम आहे. लंडनच्या त्या अभ्यासातले सारे कामगार पुरुष होते, हेही विसरता कामा नये. ज्यांना मोजलेच नाही, त्यांच्याविषयी शास्त्र मुके असते.

सारांश असा की, कोणतीही आरोग्यविषयक माहिती समोर आली म्हणजे कार्यकर्त्याने पाच प्रश्न विचारावेत. कोणाला पाहून हे ठरविले? त्यांची तुलना कोणाशी केली? पैसा कोणाचा? दुसऱ्या कोणी हे पडताळून पाहिले काय? आणि काय सांगावयाचे टाळले आहे? हे प्रश्न औषध कंपनीला विचारावेत, तसेच आसनांच्या गुरूंना, सरकारी पत्रकाला आणि पक्षाच्या साप्ताहिकात आलेल्या लेखालाही विचारावेत. आपला म्हणून कोणालाही सूट असू नये.

शेवटची गोष्ट कृतीची. लंडनच्या वाहतूकसेवेने नोंदी ठेवल्या म्हणून शोध लागला. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघटनेने सभासदांची तपासणी घडवून आणली म्हणून त्याला दुजोरा मिळाला. येथे संघटना आरोग्यशिबिरे भरवितात, छायाचित्रे निघतात, हारतुरे होतात आणि तपासणीचे कागद रद्दीत जातात. तसे होऊ देऊ नये. सभासदांच्या संमतीने, त्यांची नावे गुप्त राखून, वय, काम, पाळी, आजार आणि रजा यांची साधी नोंदवही प्रत्येक संघटनेने वर्षानुवर्षे नेटाने ठेवावी आणि स्वतंत्र, निःस्वार्थ अभ्यासकांपुढे ती खुली करावी. निघेल तो निष्कर्ष, गैरसोयीचा असला तरी, छापावा. घाम ज्यांचा आहे, त्यांच्या हाती ज्ञानाची सूत्रे येण्याचा मार्ग तेथूनच सुरू होतो.